अकरावी लड

"हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्यातल्या एकालाबी खरं वाटलं न्हाय, आन् तुमालाबी वाटायचं न्हाय," धुळाप्पा म्हणाला, "पर माजी मेंढी होटगीला गाडीत चढली आन् कुर्डुवाडीला उतरली."

एवढं बोलून त्यानं मांडी बदलली, पटक्याच्या टोकानं तोंड पुसलं आणि पेरलेल्या रानाकडं बघावं तसं पाहुण्याच्या तोंडाकडं बघितलं. पाहुणा म्हणजे केमचा अण्णाराव. धुळाप्पाच्या पुतण्याच्या लेकीचं, आरोहीचं लग्न ठरलं होतं ते ह्याच्याच पुतण्याशी. लग्न महिन्यावर आलेलं असताना हा माणूस सकाळच्या गाडीनं एकटाच उतरून वाडीत आला होता, आणि का आला होता हे बिरोबाच्या देवळापुढं पत्र्याच्या सावलीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"तिकीट?" अण्णारावनं विचारलं. माणूस हसरा नव्हता, पण प्रश्न विचारल्यावाचून त्याला राहवलं नाही.

"तिकिटाचंच सांगतोय की. पाठीवर आमच्या कळपाचा लाल शिक्का. टीसीला वाटलं, रेल्वेचाच माल हाय. त्यानं हात लावून बगितलं, आन् दुसऱ्या डब्यात गेला. कुर्डुवाडीला दिसभर कारखान्यात फिरली, सांजच्या पॅसिंजरला परत. उतरली ती बी कशी, फलाटाच्या बाजूनं. आट दिस दुधाला इंजनाच्या तेलाचा वास."

चार-दोन जण हसले. भावकीतला थोरला, बापूसाहेब, हसला नाही. देवाच्या पायरीला पाठ लावून, मांडीवर भंडाऱ्याची परात घेऊन तो बसला होता, आणि त्याची नजर समोर अंथरलेल्या जुन्या घोंगडीवर होती. घोंगडीवर सुताच्या लडी होत्या. काळ्या, करड्या, एखादी पांढरी. दहा.

"तात्या," तो म्हणाला, "तुमची मेंढी आली असंल माघारी, तर आता आपलं काम बघू."

"आली, आली," धुळाप्पा म्हणाला. सदऱ्याच्या आत, बंडीच्या खिशात अकरावी लड होती. सकाळपासून ती तिथं टोचत होती.

सलगरांच्या भावकीत अकरा चुली. दर पाचव्या वर्षी देवाच्या बैठकीची घोंगडी नवी व्हायची, आणि ती एका घरच्या लोकरीची कधी होत नसे. प्रत्येक चुलीच्या बाईनं आपल्या हातानं सूत काढायचं, लड आणून जुन्या घोंगडीवर ठेवायची आणि सगळ्यांच्या देखत म्हणायचं, "देवा, ह्यो उंबरा तुजा." मग थोरल्यानं तिच्या कपाळाला भंडारा लावायचा. कोंडीबा सनगर अकराही लडी एका ताण्यात घ्यायचा, चिंचोक्याची खळ लावायचा आणि पंधरा दिवसांत घोंगडी करून द्यायचा. ज्या घराची लड आली नाही, त्या घराला पुढची पाच वर्षं सुपारी नाही. लग्नाला कुणी जायचं नाही, मयताला खांदा द्यायचा नाही. धुळाप्पाच्या बापाच्या वेळेला एक घर असं राहिलं होतं. ते पुढं सोलापुरात गिरणीवर गेलं आणि भावकीच्या तोंडातून कायमचं उतरलं.

ह्या खेपेला राहणार होतं राजाबाईचं घर. धुळाप्पाच्या पुतण्याची, अभिमन्यूची बायको. अभिमन्यू रेल्वेत ट्रॅकमन होता. चार वर्षांमागं भर उन्हात रुळावरच बसला आणि उठला नाही. राजाबाई सोलापुरात एका दवाखान्यात आया म्हणून लागली, आणि तिथल्या केराबाई सिस्टरबरोबर रविवारच्या उपासनेला जाऊ लागली. इथवर भावकीनं कानाडोळा केला होता. पण ईस्टरच्या रविवारी तिनं बाप्तिस्मा घेतला, आणि पांढऱ्या साडीतला, ओल्या केसांचा तिचा फोटो संध्याकाळच्या आत सलगरांच्या ग्रुपवर आला. कुणी टाकला हे सगळ्यांना माहीत होतं. बापूसाहेबाच्या बायकोनं, धनलक्ष्मीनं.

आणि धुळाप्पाची भाकरी राजाबाईच्या चुलीवर होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, पोरबाळ नाही. दोन वेळा ताट राजाबाईच्या हातचं. ते घर भावकीतून उठलं तर त्यालाही ठरवावं लागणार होतं, जेवायचं कुठं आणि मरायचं कुठं. त्या दोन्ही गोष्टी एकाच घरी होणार असं तो धरून चालला होता.

*

सकाळी तो तिच्या ओट्यावर गेला होता तेव्हा ती ड्यूटीला निघायच्या घाईत होती. दवाखान्याची फिकट निळी साडी, हातात डबा.

"राजा, लोकर हाय की तुज्या दोन मेंढ्यांची. आणून देऊ? आजून बी घटकाभर हाय."

"मामंजी, कितींदा तेच."

"आगं लोकर हाय ती. मेंढीच्या पाठीवरची. तिला कुटं ठावं, ती कुणाला चाललीया."

"लोकरीचं काय न्हाय हो. लोकर मी पोतंभर देते. कोंडीबाला पायजे तर त्याच्या पोराच्या लग्नात घोंगडी कर म्हणा, मी बसून सूत काढते. पर तितं ठेवताना बोलायला लागतं."

"चार शब्द."

"चारच हायती म्हणून तर." ती डब्याचं झाकण दाबून बसवत होती, ते बसत नव्हतं. "ह्यो उंबरा तुजा. मी हे दोनदा म्हणलीया मामंजी, मनापासनं म्हणलीया. तुमच्या देवाला मी वाईट बोलत न्हाय, बोलणारबी न्हाय. पर आता ह्यो उंबरा मी एकाला दिलाय. त्योच परत दुसऱ्याला कसा देऊ? तुमी एक रान दोघांना लिहून द्याल का?"

धुळाप्पानं एकदा तसं केलं होतं, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

दारात आरोही उभी होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळून. बी.कॉम. झालेली, सोलापुरात एका पतसंस्थेत काम करणारी. आईशी ती आठ दिवस धड बोललेली नव्हती.

"आज्जा, तिला सांगून उपेग न्हाय," ती म्हणाली. "तिला माजं लगीन मोडायचंच हाय."

"आरू."

"मग काय तर. तोंडानं म्हण, मनात नको म्हणू. कोण तुज्या मनात बघायला येतंय? शिवराज म्हणतो त्याला काय फरक पडत न्हाय, तू कुटंबी जा. पर त्याच्या काकाला पडतो. अण्णाराव काका आज येणार हायती, बघायला, की भावकी आपल्याबरोबर हाय का न्हाय. तू चार शब्द म्हणाली न्हाईस की ते सांजच्या गाडीनं जातील, आन् मी बसते हितं तुज्या प्रार्थना ऐकत."

राजाबाई पोरीकडं बघत राहिली. तिचा हात झाकणावरच होता.

"तुजा बा गेला त्या वर्सी," ती सावकाश म्हणाली, "मला पैल्या आठवड्यात वार्डात एक म्हातारं दिलं. त्याचं कुणी न्हवतं. ड्यूटी सुटली की मी गाडी गाठायची. केराबाई सुटी झाल्यावर त्याच्या उशाला बसायच्या. रोज. मी म्हणलं, तुमचा कोण? त्या म्हणल्या, कुणी न्हाय, म्हणून बसते. चार महिने मी नुसती बघत हुते, आरू. मला कुणी बोलावलं न्हाय, कुणी शिकवलं न्हाय. मग मी बी बसले. आता तितनं मी उठले तर मला माजंच तोंड बघवायचं न्हाय."

"आन् माजं?"

राजाबाईनं डबा पिशवीत टाकला, पायात चपला सरकवल्या आणि धुळाप्पाकडं वळली.

"मी येऊन सांगणार हुते. पर आज वार्डात दुसरं कुणी न्हाय. तुमी सांगा. राजाबाईनं न्हाय म्हणून सांगितलंय. येवडंच. जास्ती काय नका घालू त्यात मामंजी, तुमाला सवय हाय."

"सांगतो," धुळाप्पा म्हणाला.

ती गेली. वळणापलीकडं निळी साडी दिसेनाशी झाल्यावर त्यानं सदऱ्यात हात घातला आणि लड काढली. काळीभोर, राजाबाईच्याच मेंढीची. चार दिवस मेंढरांमागं हिंडताना हातातल्या चातीवर कातलेली.

आरोहीनं ती बघितली, मग त्याच्याकडं बघितलं.

"आईला कळायचं न्हाय ना?"

"कळलं तवर घोंगडी विणून झाली असंल. घोंगडीतनं दोरा कुणी परत मागतंय व्हय?"

पोरगी खुदकन हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग घाईघाईनं केस पुसायला आत पळाली.

*

"दहा झाल्या," बापूसाहेब म्हणाला. "अकरावं घर अभिमन्यूचं. त्या घरचं कुणी हाय का?"

बायकांच्या घोळक्यात मागं बसलेली आरोही पदर नीट करत मान खाली घालून राहिली. अण्णारावनं तंबाखू मळायची थांबवली.

बापूसाहेब वाईट माणूस नव्हता, हे धुळाप्पा कुणालाही सांगायला तयार होता. अभिमन्यूच्या दहाव्याला सगळा खर्च त्यानंच उचलला होता. पण थोरलेपणाचं ओझं असं असतं की ते एकदा खांद्यावर घेतलं की माणसाला वाकता येत नाही. वाकलं की ते पडतं. आणि बापूसाहेबाच्या खांद्यावर दहा घरं होती, प्रत्येक घर बघत होतं की हा आपल्या चुलत भावाच्या बायकोला सवलत देतो की काय.

"हाय," धुळाप्पा म्हणाला. "मी आणलीया."

लड त्यानं घोंगडीवर ठेवली नाही. बापूसाहेबाच्या हातात दिली, कारण घाई करणाऱ्याचा संशय येतो.

आता धुळाप्पाकडून एक चूक झाली होती, आणि ती त्याला त्या क्षणी कळली. लोकर राजाबाईची होती, पण हात धुळाप्पाचा होता. सूत म्हणजे माणसाची चाल. राजाबाईचं सूत सगळ्या भावकीत नावाजलेलं, घोड्याच्या केसासारखं बारीक आणि सारखं. गेल्या खेपेला घोंगडीची किनार तिच्याच सुताची घेतली होती. आणि ह्या लडीत वीतवीतभर अंतरावर गाठी होत्या, मधे मधे मुंगीच्या पायासारखा बारीक झालेला दोरा, मग परत सुतळी. उजव्या हाताचं मोडलेलं बोट असलेला म्हातारा असंच सूत काढतो, आणि इथं बसलेल्या प्रत्येकानं आयुष्यभर ह्याच्या अंगावर त्याच सुताची घोंगडी बघितली होती.

बापूसाहेबाचा अंगठा दोऱ्यावरून गेला. एका गाठीवर थांबला. पुढं गेला, दुसरीवर थांबला.

त्यानं लड बायकोकडं दिली.

धनलक्ष्मीनं ती उलटीपालटी केली. दोन जावांचं आयुष्यात कधी जमलं नव्हतं. फोटो टाकल्यापासून तर धनलक्ष्मी राजाबाईच्या गल्लीनंही जात नसे. तिनं एक धागा दोन बोटांत घेतला, डोळ्यांजवळ नेला. धुळाप्पा मनात बिरोबाला म्हणाला, आता तू बघ. मग त्याला वाटलं, ह्या प्रकरणात बिरोबाला मधे घालणं जरा अवघडच.

"राजाबाईचंच सूत हाय," धनलक्ष्मी मोठ्यानं म्हणाली. कुणाकडंच न बघता. "हात जरा जड झालाय तिचा. दवाखान्यात लादी पुसून पुसून हुतोय."

लड पुढं गेली. एक बाई म्हणाली, व्हय की. दुसरी म्हणाली, काळी मेंढी तिचीच. हळूहळू ती लड सगळ्या पत्र्याखालून फिरली, आणि ज्या ज्या हातातून गेली त्या प्रत्येक हाताला ती कुणाची आहे ते कळलं, आणि प्रत्येक तोंड तेच बोललं. शेवटी ती कोंडीबा सनगराकडं आली. चाळीस वर्षं सुतात बोटं घातलेला माणूस. त्यानं ती तळहातावर तोलली, धुळाप्पाकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, "ह्याला खळ जरा जास्ती लागंल. येवडंच."

धुळाप्पाला गहिवरून आलं. आयुष्यभर त्यानं खोटं सांगितलं होतं आणि लोकांनी ऐकून हसण्यावारी नेलं होतं. आज पहिल्यांदा आख्खी भावकी त्याच्या खोट्याच्या एकेका टोकाला धरून उभी होती.

इथंच थांबायला पाहिजे होतं.

"समदं खरं," अण्णाराव म्हणाला, "पर बाई का न्हाय आली? लड ठेवायची ती बाईनं, असं आमाला सांगितलं हुतं. मी माज्या भावाला जाऊन काय सांगू? म्हाताऱ्याच्या खिशातनं निघाली म्हणून?"

"ती यायलीच हुती," धुळाप्पा म्हणाला. "ड्यूटी हाय. वार्डात दुसरं कुणी न्हाय." हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळं त्याला ते फार बेचव वाटलं. अण्णारावच्या तोंडावरही त्यानं काही फरक पडला नाही.

"ड्यूटी," अण्णाराव म्हणाला.

"आन् दुसरं म्हंजी," धुळाप्पा जरा पुढं सरकला, "तिला लाज वाटती, पाव्हणं. खोटं वाटंल, पर आज सकाळी, तांबडं फुटायच्या टायमाला, माज्या दारात आली. मी म्हणलं, कोण हाय? तर राजा. हातात ही लड."

"मग?" कुणीतरी विचारलं, आणि त्या एका शब्दानं म्हाताऱ्याच्या पाठीचा कणा ताठ झाला. मग, असं कुणी म्हटलं की धुळाप्पा आणि गोष्ट ह्यातलं कोण कोणाला ओढतं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"मग काय. माज्या पायावर पडली. मामंजी, म्हणली, माजी भूल झाली. असं रडली, असं रडली की माजं धोतर ओलं झालं, हे बगा आजून वाळलं न्हाय."

धोतर खरंच ओलं होतं. मघाशी हापशावर तोंड धुताना झालं होतं.

"मी एकली हुते, म्हणली. त्या लोकांनी मला गोड बोलून नेलं."

"शिलाई मशीन दिली असंल," अण्णाराव म्हणाला. आता तो तंबाखू परत मळायला लागला होता. "आमच्याकडं एकीला दिली हुती."

राजाबाईच्या घरात शिलाई मशीन नव्हती. पण पाहुण्याचा सूर लागत होता, आणि लागलेला सूर मोडायला धुळाप्पाचा जीव होईना.

"तसंच काय तरी," तो म्हणाला. "मशीनच. मी म्हणलं, पोरी, झालं गेलं. तर न्हाय. उठली, घरात गेली, त्या लोकांचं पुस्तक आणलं, आन् माज्या देखत चुलीत घातलं. पान पान जळंस्तोवर उभी ऱ्हाईली. आन् म्हणली, मामंजी, ह्यो उंबरा देवाचा हुता आन् देवाचाच हाय. जा, सांगा समद्यांना."

बायकांत कुणीतरी डोळ्याला पदर लावला. ज्यांना लड कुणाची ते ठाऊक होतं, त्यांनीही लावला. बापूसाहेबानं मोठा श्वास सोडला, आणि धुळाप्पानं बघितलं की त्याचे खांदे कितीतरी दिवसांनी खाली आले. अण्णारावनं तंबाखू तोंडात टाकली आणि समाधानानं मान हलवली.

"झालं तर," बापूसाहेब म्हणाला. "आई कामावर हाय, लेक हाय. आरोही, ये बाळ. आईच्या वतीनं तू ठेव. शब्द ठावं हायती न्हवं?"

आरोही उठली. बायकांनी तिला वाट दिली. धनलक्ष्मीनं तिच्या डोक्यावरचा पदर पुढं ओढून नीट केला, आणि जाता जाता तिचा दंड दाबला. कोंडीबानं लड तिच्या हातावर ठेवली. ती घोंगडीपाशी येऊन उभी राहिली, पायातल्या चपला काढल्या. बापूसाहेबानं परातीत अंगठा बुडवून तयार ठेवला होता.

ती वाकली नाही.

धुळाप्पाला वाटलं, पोरगी घाबरली. त्यानं तिला धीर द्यायला डोळा मारला. ती त्याच्याकडंच बघत होती, पण सकाळी ओट्यावर हसली होती तशी नाही. ट्रॅकवर बसलेल्या अभिमन्यूला उचलून आणलं तेव्हा ती अशीच उभी होती, एकोणीस वर्षांची, आणि आईला धरून ठेवणाऱ्या बायांना म्हणाली होती, तिला सोडा.

"आज्जा," ती म्हणाली, "आई रडली न्हाय."

"आगं पोरी," धुळाप्पा हसत म्हणाला, "तू झोपली हुतीस की."

"मी दारात हुते. तू आमच्या ओट्यावर आलास, ती तुज्याकडं न्हाय आली. ती तुज्या पाया पडली न्हाय. तिनं पुस्तक जाळलं न्हाय. आमच्या घरात कुटली मशीन न्हाय."

"आरोही," धनलक्ष्मी दबक्या आवाजात म्हणाली, "बस खाली. आगं तुज्यासाठीच चाललंय समदं."

"व्हय काकू, ठावं हाय. मला सकाळपास्नं ठावं हुतं." तिचा आवाज चिरकत होता, तरी ती थांबली नाही. "लडीचं मी गप ऱ्हाणार हुते. लडीला कोण बघतंय. पर तुमी तिला असलं रडवू नका. चार वर्सं ती एकदाबी कुणाच्या पायावर पडली न्हाय, बा गेला तवाबी न्हाय. मी तिच्याशी आट दिस बोलले न्हाय, तरीबी ती रडली न्हाय."

अण्णाराव उठून उभा राहिला होता. बापूसाहेबाच्या अंगठ्यावरचा भंडारा परातीत गळत होता. आरोहीनं त्या दोघांकडं बघितलं, पहिल्यांदा पाहुण्याकडं, मग थोरल्याकडं, आणि लड दोन्ही हातांनी धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तिनं आज्जाला सांगितलं हुतं, राजाबाईनं न्हाय म्हणून सांगितलंय, येवडंच सांगा. आज्जा, तू खोटं बोललास. हे सूत तुजं हाय."